गोचिडीची नोंद कोण ठेवणार?

(द्वितीय वर्ष, कला)

गोचीड हा काही वार्षिक अंकातल्या लेखाचा विषय होऊ शकतो का, असे मला दोघी-तिघी मैत्रिणींनी विचारले. अंकात कविता असाव्यात, एखादी कथा असावी, सहलीचे वर्णन असावे. विज्ञान शाखेच्या कुणी गोचिडीवर लिहिले असते तर एक वेळ चालले असते. पण मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने हे काय काढले? त्यावर माझे उत्तर एवढेच की, गोठा झाडणाऱ्या मुलीला कवितेच्या आधी गोचीड भेटते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. गोठ्यात जाणारी मात्र मी चौथ्या पिढीची. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजून वाचकांनी हा लेख गोड मानून घ्यावा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्याच कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, २०१६ साली गोचिडीमुळे होणाऱ्या एका तापाची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. त्याला माकडताप म्हणतात. माझी एक मैत्रीण त्या बाजूची आहे. शिक्षणासाठी ती अलिबागेत काकांकडे राहते. तिच्या तोंडून मी हे नाव प्रथम ऐकले आणि मग ग्रंथालयात मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, हा विषय जितका डॉक्टरांचा आहे तितकाच नोंद ठेवणाऱ्यांचा आहे. रानात काय घडते आहे हे कुणी पाहिले, कुणाला सांगितले, आणि ऐकणाऱ्याने ते खरे मानले की नाही, यावर पुढची सगळी धावपळ अवलंबून असते. साधन कोणते, साक्षीदार कोण, नोंद कधीची, हे प्रश्न तर इतिहासाच्या तासाला आम्ही रोजच विचारतो!

प्रथम गोचिडीविषयी. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, गोचिडीला आठ. ती कोळ्याच्या आणि विंचवाच्या नात्यातली. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. गवताच्या टोकावर चढून, पुढचे दोन पाय हवेत पसरून ती वाट पाहत बसते. त्या पुढच्या पायांवर वास घेणारे एक सूक्ष्म इंद्रिय असते. जनावराचा श्वास, त्याच्या अंगाची ऊब तिला त्यातून कळते. जनावर अंग घासून गेले की ती त्याला चिकटते. तिच्या लाळेत चावलेली जागा बधिर करणारी द्रव्ये असतात, म्हणून ती चावल्याचे बहुधा कळतही नाही. डास क्षणभर बसून उठतो. गोचीड दिवसच्या दिवस रक्त पीत राहते.

तिच्या आयुष्यात तीन टप्पे असतात. अंड्यातून बाहेर येते ते सहा पायांचे पिल्लू. रक्त पिऊन त्याने कात टाकली की आठ पायांची मधली अवस्था येते; तिला शास्त्रज्ञ निंफ म्हणतात. तिने पुन्हा रक्त पिऊन कात टाकली की पूर्ण वाढलेली गोचीड. आता यात एक भेद आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपल्या गाईगुरांवर नेहमी दिसणारी, फुगून एरंडीच्या बीसारखी होणारी गोचीड बहुतेक वेळा आपले तिन्ही टप्पे एकाच जनावरावर काढते. पिल्लू चढते ते गाईवर, वाढते गाईवर, आणि पोट भरल्यावर खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते. माणसाशी तिला फारसे कर्तव्य नसते. रानातल्या काही जातींचे मात्र वेगळे. त्यांचे पिल्लू एका प्राण्याचे रक्त पिते आणि खाली पडते, निंफ दुसऱ्या प्राण्यावर चढते, आणि मोठी गोचीड तिसऱ्यावर. म्हणजे तीन घरी जेवून आलेली ही पाहुणी. पहिल्या घरचे आजारपण ती दुसऱ्या घरी नेऊ शकते.

गोचिडीमुळे रोग होतो, हे गुराख्यांना विद्वानांच्या आधी माहीत होते. अमेरिकेत टेक्सासकडची गुरे उत्तरेकडे हाकत नेली की वाटेवरची उत्तरेची गुरे लाल लघवी होऊन मरत. टेक्सासची गुरे मात्र धडधाकट असत. गुरे पाळणारे म्हणत, हे गोचिडीचे काम. तज्ज्ञ ते हसण्यावारी नेत. अखेर थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी प्रयोग केले. दक्षिणेच्या गुरांवरील एकूण एक गोचीड वेचून काढून त्यांना उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवले, तर रोग झाला नाही. उलट दक्षिणेचे एकही जनावर न आणता कुरणात नुसत्या गोचिडी सोडल्या, तर रोग झाला. हे त्यांनी १८९३ साली प्रसिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली. रॉसचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. टेक्सासच्या गुराख्यांचे नाव कुठेच नाही, कारण त्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले नव्हते.

आता आपल्या देशात येऊ. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या रानात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसांना कडक ताप येऊ लागला. ही बातमी पुण्याला पोचली. पुण्यात १९५२ सालापासून विषाणू संशोधन केंद्र होते. तेच पुढे १९७८ साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. माकडे मरतात आणि माणसांना ताप येतो, एवढे ऐकून शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा उठला असला पाहिजे. कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर असाच येतो, आणि तो आपल्या देशात कधीही आलेला नव्हता. तपासाअंती निघाले ते वेगळेच. हा नवा विषाणू होता, पीतज्वराच्या मोठ्या कुळातला, पण रशियाच्या जंगलांत गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद. त्याला त्या रानाचेच नाव मिळाले. कन्नडमध्ये लोक त्याला मंगन कायिले म्हणतात, म्हणजे माकडाचा आजार.

रशियातला विषाणू सह्याद्रीत कसा आला? एक तर्क असा निघाला की, हिवाळ्यात सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर गोचिडी चिकटून आल्या असतील. तो तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ च्या सुमारास स्थलांतरी पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी योजना हाती घेतली. तिचे सूत्रधार होते सलीम अली. आपल्या किहीमला १९३० साली सुगरण पक्ष्याचे निरीक्षण करणारे तेच सलीम अली. हजारो पक्षी पकडले गेले, कडी घालून सोडले गेले, अंगावरच्या गोचिडी गोळा झाल्या. पक्ष्यांनी माकडताप आणला असे काही सिद्ध झाले नाही. मात्र पक्षी कुठून कुठे जातात याचे अमोल ज्ञान हाती आले.

या योजनेला पुढे एक अप्रिय वळण लागले. तिला नंतर अमेरिकेच्या लष्कराच्या एका संशोधन विभागाकडून पैसा मिळू लागला होता. परदेशी लष्कराला आपल्या पक्ष्यांत आणि गोचिडीत एवढा रस कशाला, हे रोगजंतूंच्या युद्धाची तयारी तर नव्हे, असा संशय वृत्तपत्रांतून व्यक्त झाला. १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने आपल्या अहवालात या आणि अशाच इतर प्रकल्पांबद्दल कडक प्रश्न विचारले. सोसायटीने आपली बाजू मांडली. पक्ष्यांना कडी घालणारी माणसे निर्मळ मनाने काम करीत होती याबद्दल मला शंका नाही. तरीही ज्या देशाच्या रानातले नमुने गोळा होतात त्या देशाने ते कुठे जातात हे विचारायलाच हवे होते, असे मला वाटते. जैवसुरक्षा हा शब्द आज आपण ऐकतो. त्यात प्रयोगशाळेच्या बंद दाराइतकाच हा प्रश्नही येतो.

असो. माकडताप फिरतो कसा ते पाहू. रानातले उंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांत आणि गोचिडीत हा विषाणू गुपचूप नांदत असतो. प्रमुख गोचिडीचे शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. ती त्या तीन घरी जेवणाऱ्यांपैकी. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, ज्याला माझी मैत्रीण केलडी म्हणते, या दोघांना हा विषाणू सोसत नाही. ती आजारी पडून मरतात. मरण्यापूर्वी त्यांच्या रक्तात विषाणू अतोनात वाढलेला असतो. ते रक्त प्यालेल्या शेकडो पिल्लू-गोचिडी मेलेल्या माकडाचे अंग थंड पडताच उतरतात आणि त्याच जागी पाचोळ्यात पसरतात. कात टाकून त्यांचे निंफ झाले की ती जागा म्हणजे पेरून ठेवलेले शेतच. निंफ असते खसखशीच्या दाण्याएवढे. त्या पाचोळ्यात जळणासाठी काटक्या वेचणारी बाई वाकली की ते तिला चिकटते.

माणसाला ताप येतो तो चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांनी, एकाएकी, हुडहुडी भरून. डोके फुटल्यासारखे दुखते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. ताप उतरून बरे वाटू लागते आणि काही रोग्यांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा उलटतो, या खेपेस मेंदूवर परिणाम करून. शंभर रोग्यांत सुमारे तीन ते पाच दगावतात. नेमके औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्रावाकडे लक्ष ठेवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. म्हणूनच लवकर दाखल होण्याला महत्त्व. एका रोग्याचा ताप दुसऱ्या माणसाला होत नाही, हा एवढाच दिलासा.

गुरांना माकडताप होत नाही. पण पूर्ण वाढलेल्या रानगोचिडी गुरांचे रक्त पितात आणि त्यामुळे त्यांची संख्या फुगते. रान तोडून आत वस्ती, शेती, बागा सरकल्या, मागोमाग गुरे रानात चरायला गेली, आणि जी साखळी उंदीर आणि माकडांपुरती होती तिच्यात माणूस जाऊन उभा राहिला. कर्नाटकात बेळतंगडी तालुक्यात १९८० नंतरच्या वर्षांत काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यावर फार मोठी साथ आली होती. तरी २०१२ पर्यंत हा आजार कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांचा म्हणूनच ओळखला जाई. नंतर तो केरळात वायनाडला, तामिळनाडूत निलगिरीला दिसला, २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली शेजारच्या दोडामार्गात. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर हा सह्याद्रीच्या कडेने सरकत गेलेला दिसतो.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्यांना ताप आला त्यांत काजूच्या बागांत काम करणारे पुष्कळ होते. काजूचा हंगाम जानेवारी ते मे, आणि निंफ बाहेर पडण्याचा हंगामही तोच. काजूचे बोंड पिकून खाली पडते. ते पाचोळ्यातून हातांनी वेचावे लागते. माझी मैत्रीण सांगते की, तिच्या वाडीत बायका पहाटे रानात जातात आणि उन्हे तापायच्या आत परततात. पायात चप्पल असली तर असली. त्यांना बूट घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अंगाला तेल लावा असे सांगितले जाते. ते बरोबरच आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने काढलेले डेपा नावाचे गोचिडीला दूर ठेवणारे तेल कर्नाटकात वाटले जाते. पण रोजावर काम करणारी बाई दोन दिवसांच्या तापासाठी रोज बुडवून दवाखान्यात जात नाही, ही गोष्ट कोणत्याही तेलाने बदलत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाते, आणि तेव्हाच तिच्या तापाची नोंद होते.

येथे पाहणीचा, म्हणजे सरकारी भाषेत सर्वेक्षणाचा प्रश्न येतो. हे काम तीन ठिकाणी चालते. एक, रानात. पांढऱ्या फलाणीचे फडके काठीला बांधून पाचोळ्यावरून, गवतावरून ओढत नेतात. गोचिडींना वाटते जनावरच आले. त्या फडक्याला चिकटतात. त्या चिमट्याने वेचून, जात ओळखून, मोजून, पुढे प्रयोगशाळेत विषाणूसाठी तपासतात. पद्धत इतकी साधी की हसू यावे, पण सगळा आधार तिच्यावर आहे. दुसरे ठिकाण म्हणजे तापाच्या रोग्याचे रक्त. करोनाच्या काळात घरोघर पोचलेली आरटी-पीसीआर चाचणी येथेही वापरतात. नमुना मात्र थंड ठेवून वेळेत पोचवावा लागतो.

तिसरे ठिकाण मेलेले माकड. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच. माणसाला ताप येण्याच्या आधी बहुधा माकडे मरतात. रानाने दिलेली ही आगाऊ सूचना असते. माकड मेल्याचे कळले की त्याला हात न लावता आरोग्य खात्याला, वन खात्याला आणि पशुवैद्याला कळवायचे. संरक्षक पोशाख घालून पशुवैद्य नमुने घेतात, शव जाळतात आणि सभोवार पन्नास फुटांच्या परिघात मॅलॅथिऑनची पूड मारतात. त्या परिघातल्या गोचिडी मेल्या तर पुढची कित्येक माणसे वाचतात.

पण आपल्याकडे मेलेले माकड हे नुसते मेलेले जनावर नसते. तो मारुतीराया असतो. गावोगाव वानर मेले की त्याला आंघोळ घालतात, गुलाल लावतात, हार घालतात, भजन म्हणत खांद्यावरून नेऊन पुरतात. हा भाव मला लटका वाटत नाही. माझ्या आजीने असे दोन-तीन अंत्यविधी पाहिले आहेत आणि त्याबद्दल ती आदराने बोलते. अडचण अशी की, ज्या क्षणी गोचिडी अंग सोडून उतरत असतात नेमक्या त्याच क्षणी सगळे गाव तिथे गोळा होते, लहान मुलांसकट. मी आजीला हे सारे समजावून सांगितले. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पटकीच्या दिवसात माणसाला तरी कोण शिवत होता? लांबूनच हात जोडायचे.” एखाद्या भित्तिपत्रकापेक्षा हे वाक्य गावात लवकर पटेल असे मला वाटते. अंधश्रद्धा म्हणून धुडकावले तर लोक माकड मेल्याचे कळवणारच नाहीत, गुपचूप पुरतील, आणि सूचना तिथेच पुरली जाईल.

नमुने जातात तिथल्या सुरक्षिततेविषयी थोडे. माकडतापाच्या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनाच सुरुवातीच्या वर्षांत तो ताप झाल्याच्या पुष्कळ नोंदी आहेत. सुई टोचणे तर दूरच, हवेत उडालेल्या सूक्ष्म तुषारांतूनही तो होऊ शकतो. आज पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची सर्वोच्च, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या सुरक्षिततेची प्रयोगशाळा आहे. ती डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट पडली तरी हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. काम करणारा स्वतंत्र हवेची नळी जोडलेला पोशाख घालतो आणि बाहेर पडताना त्या पोशाखासकट त्याला औषधी पाण्याने धुऊन काढतात.

एवढी प्रयोगशाळा किती गरजेची होती ते २०११ च्या जानेवारीत गुजरातेत दिसले होते. अहमदाबादजवळ एका रुग्णेला रक्तस्रावी ताप आला. ती गेली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. पुण्याच्या संस्थेने निदान केले : काँगो ताप. आपल्या देशात तो प्रथमच ओळखला गेला. हाही गोचिडीचाच, पण हायलोमा नावाच्या वेगळ्या गोचिडीचा. ती गुरांवर असते, आणि हा ताप माकडतापासारखा नाही. रोग्याच्या रक्तातून तो दुसऱ्या माणसाला होतो. गुराचे ताजे रक्त हाताला लागले किंवा गोचीड बोटांनी चिरडली तरी होऊ शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेत रोगी सापडल्यावर शेजारच्या पालघर जिल्ह्यात पशुपालकांना आणि खाटकांना सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. पालघर हा कोकणाचाच भाग. म्हणजे आपल्या दक्षिणेला माकडताप आणि उत्तरेला काँगो तापाची धास्ती.

पाहणी केवळ रोगाची करून भागत नाही, औषधाचीही करावी लागते. माकडतापावर लस होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, नंतर वर्धक मात्रा. कर्नाटकात २००५ ते २०१० या काळाचा अभ्यास झाला तेव्हा दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळत असल्याचे दिसले. पुढे लसीची ताकद घटल्याचे आढळले आणि २०२२ साली ती देणे थांबवले गेले. आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. लस टोचून घेतलेला मजूर निर्धास्तपणे रानात जातो. कुपीत दम नसेल तर ती निर्धास्ती त्याला महागात पडते.

एक परदेशातली हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. तिथे पॉली मरे नावाची एक गृहिणी राहत असे. ती, तिचा नवरा, मुले सगळी वर्षानुवर्षे आजारी. सांधे सुजत, अंगावर चट्टे उठत. डॉक्टरांना वाटे, बाईच्या मनाचे खेळ. तिने मग आपल्या आणि शेजारच्या आजाऱ्यांची टिपणे ठेवायला सुरुवात केली आणि १९७५ साली राज्याच्या आरोग्य खात्याला कळवले. आणखी एका आईनेही तेच केले. येल विद्यापीठातले ॲलन स्टीअर यांनी ती टिपणे गंभीरपणे घेतली. त्यातून लाइमचा आजार जगाला कळला आणि १९८२ साली विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीतला त्याचा जंतू प्रसिद्ध केला. टेक्सासचे गुराखी आणि लाइमची ही बाई, दोघांनी पाहिले सारखेच. बाईने लिहिले.

आता आमच्या चौलकडे वळते. चौलचे नाव घेतले की लोकांना जुने बंदर आठवते. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी येथे येऊन गेला, १४६९ साली रशियाचा अफनासी निकितिन येथे उतरला, नंतर पोर्तुगीज आले. जे काही येईल ते समुद्रातून येईल अशी आमच्या गावाची जुनी सवय. रानाकडे, टेकडीकडे पाहण्याचे कारण कुणाला पडले नाही. माकडतापाचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रात नाव घेतले जाते ते सिंधुदुर्गाचे. रायगडाने आजच घाबरून जावे असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या गुरांवर असते ती बहुतांशी एकाच जनावरावर जन्म काढणारी गोचीड. पण वानरे आमच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत उतरतात, मुरूड-रोह्याकडे फणसाडचे अभयारण्य आहे, गुरे टेकडीवर चरतात. उद्या दत्ताच्या टेकडीमागे चार वानरे मरून पडली तर ती कुणाला दिसतील? गुराख्याला, नाहीतर जळण आणायला गेलेल्या बाईला. तिने ते कुणाला सांगावे हे तिला ठाऊक आहे का? मी आमच्या आळीत सात-आठ घरी विचारून पाहिले. बहुतेकांनी सांगितले, पुरून टाकू. एकाने सांगितले, ग्रामपंचायतीत कळवू. आरोग्य केंद्राचे नाव कुणीच घेतले नाही.

गुरांचे नुकसान तर आजचेच आहे. संकरित गाय गोचीडतापाने दोन-चार दिवसांत आडवी होते. गावठी गाय पुष्कळदा तग धरते. आमच्या गोठ्यात दोन्ही आहेत आणि आय, म्हणजे माझी आई, दोघींना वेगळे वागवते. पाऊस सरला की गोचिडी वाढतात, त्या आधी कानाच्या आत आणि सडांभोवती दिसतात, मग शेपटीखाली, हे तिला कुणी शिकवलेले नाही. ती गोचिडी हातांनी ओढून दगडावर चिरडत असे. काँगो तापाचे वाचल्यावर मी घरात एक चिमटा आणि रॉकेलच्या पाण्याची डबी आणून ठेवली. कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, डबीत टाकायची, हात साबणाने धुवायचे. माणसाला चिकटली तरी असेच करायचे. तेल ओतणे, चटका देणे हे उपाय घातक, कारण गोचीड चवताळून पोटातले रक्त उलट ओकू शकते. आयला डबीचे पटायला आठवडा लागला. “एवढी वर्षं काय झालं नाय ते,” असे ती म्हणायची. आता डबी तीच मागते.

दिवाळीपासून मी शंभरपानी वहीत नोंद ठेवते आहे. आय सांगते, मी लिहिते. तिला लिहिता येत नाही, पण मोजण्यात ती माझ्यापेक्षा पक्की आहे. रकाने पाच : तारीख, कोणते जनावर, गोचीड कुठे, किती, आणि नेहमीपेक्षा वेगळे काय. शेवटच्या पानावर मेलेल्या वानरासाठी आणि घरातल्या तापासाठी जागा राखली आहे. नागाव, रेवदंडा, आक्षी, थेरोंडा या बाजूंनी आपल्या कॉलेजात येणाऱ्या पुष्कळ मुला-मुलींच्या घरी गुरे आहेत. कुणाला अशी वही घालायची असेल तर रकाने कसे आखायचे ते मी दाखवीन. दुपारच्या सुट्टीत मी ग्रंथालयातच असते. पुढच्या पावसाळ्यानंतर सगळ्या वह्या एकत्र करून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवाव्यात, असा विचार आहे.